कोलंबियाला जा, पण आठ महिन्यांनी

ताई,

मी २४ वर्षांची आहे. गाव सांगली जिल्ह्यात, नोकरी चाकणला. गाड्यांचे सुटे भाग परदेशी पाठवणाऱ्या एका कंपनीत निर्यातीची कागदपत्रं बघते. आमचा बराच माल कोलंबिया आणि पेरूला जातो. तिकडच्या लोकांचे मेल वाचता यावेत म्हणून दोन वर्षांपूर्वी पुण्यात संध्याकाळचा स्पॅनिशचा क्लास लावला आणि त्यात जीव गुंतला. ए-टू, म्हणजे सहा पायऱ्यांतली दुसरी, पास झाले आहे. आता वाटतं, दोन महिन्यांत राजीनामा द्यावा आणि सहा महिने कोलंबियात राहून भाषा पक्की करावी. उष्ण कटिबंधातला देश, म्हणजे हवा आपल्यासारखीच असणार. कार्ताहेना हे समुद्रकाठचं शहर मनात भरलं आहे. साठवलेले दोन लाख ऐंशी हजार आहेत, कमी पडले तर मामा देईल.

आई अंगणवाडीत आहे. तिला सांगितलं तर तिने टीव्हीवर पाहिलेल्या टोळ्या आणि ड्रग्ज एवढंच आठवलं. बाबा एसटीत ड्रायव्हर होते, आता निवृत्त आहेत. त्यांना अजून सांगितलेलं नाही, व्हिसा हातात आल्यावर सांगणार आहे. आत्या म्हणते, शिकायचीच तर स्पेनमध्ये जाऊन शुद्ध शीक. शिवाय घरात स्थळं बघणं सुरू झालंय, दिवाळीनंतर मला पळवाट उरणार नाही. मी शाकाहारी आहे, तिथे खाणार काय हेही माहीत नाही. जाऊ का?

– क. (नाव छापू नये)

प्रिय क.,

जा. हे आधी लिहून टाकते, कारण कुणीतरी एकदा हे म्हणावं म्हणून तू थांबली आहेस असं पत्र वाचताना वाटलं. पण आठ महिने थांबून जा, सहाऐवजी तीन महिन्यांसाठी जा, आणि समुद्रकाठी राहण्यापेक्षा डोंगरातल्या गावात राहा. नोकरी सोडू नकोस. आणि बाबांना याच रविवारी सांग.

आधी पैशाचं बोलू. मुंबईहून कोलंबियाच्या राजधानीला, बोगोताला, थेट विमान नाही, आणि परतीचं तिकीट लाखाच्या पुढेच जातं. तुझ्याकडे उरतील दीड-पावणेदोन लाख. सहा महिन्यांत वाटले तर महिन्याला पंचवीस-एकोणतीस हजार, त्यात क्लासची फी, राहणं, जेवण, विमा, बसचं भाडं बसत नाही. तिसऱ्या महिन्यात मामाला फोन करावा लागेल, चौथ्यात तू जेवण कमी करशील आणि पाचव्यात एखाद्या कॉल सेंटरसाठी घरबसल्या इंग्रजीत काम शोधशील. तीन महिने मात्र या पैशात, अजून आठ महिन्यांची बचत घालून, नीट होतील. मामाचे पैसे अडीनडीला असू देत, बेतात धरू नकोस.

थांबायला सांगण्याचं दुसरं कारण पैशापेक्षा मोठं आहे. रोज चार तास, आठवड्याचे पाच दिवस, बारा आठवडे धरले तर तिथे तुझे वर्गातले २४० तास होतात. ए-टू घेऊन गेलीस तर त्यातला बहुतेक वेळ बी-वनचं व्याकरण शिकण्यात जाईल, आणि ते व्याकरण पुण्यातही शिकता येतं, चाकणहून बसने जाऊन, पगार चालू ठेवून. बी-वन पक्कं करून गेलीस तर तेच २४० तास तुला बी-टूच्या उंबऱ्यापर्यंत नेतील. नोकरीच्या बाजारात बी-टूला खरी किंमत आहे, पुण्या-मुंबईतल्या कंपन्या भाषेच्या जागांसाठी साधारण तेवढंच मागतात. ए-टूवाल्या माणसाशी तिथले लोक फार प्रेमाने वागतात, सावकाश बोलतात, हातवारे करतात, आणि गप्पा तिथेच थांबतात. शेजारणीशी पाण्याच्या टाकीवरून वाद घालता येईल इतकी भाषा घेऊन जा, मग तिथला प्रत्येक दिवस काहीतरी शिकवतो.

हे मला माझ्या चुकीतून कळलं. मी पहिल्यांदा बोगोताला गेले तेव्हा २७ वर्षांची होते. सोबत म्हणून दोन भारतीय मुलींबरोबर फ्लॅट घेतला. सकाळी क्लास, तिथे बाकीची मुलं युरोप-अमेरिकेतली, मधल्या सुट्टीत सगळ्यांचं इंग्रजी. घरी आलं की वरणभात आणि हिंदी, आणि रात्री लॅपटॉपवर घरच्यांशी तासभर. सहा आठवड्यांनी माझी स्पॅनिश होती तिथेच होती आणि निम्मे पैसे संपले होते. मग एका शिक्षिकेच्या ओळखीने एका वयस्क बाईंच्या घरी खोली घेतली. नवरा वारलेला, मुलं परगावी, घरात त्या आणि एक मांजर.

चौथ्या की पाचव्या दिवशी संध्याकाळी मी पावसात भिजून आले. बाई ओट्याशी होत्या. त्यांनी कागदात गुंडाळलेली एक तपकिरी वडी काढली, ओट्यावर ठेवून एका गोल दगडाने ठोकली आणि तुकडे उकळत्या पाण्यात टाकले. वास आला आणि मी मराठीतच ओरडले, ‘अहो, हा तर गूळ!’ तो गूळच होता. तिकडे त्याला पानेला म्हणतात, आणि त्या पाण्याला आग्वापानेला. गूळ बनवण्यात भारताच्या खालोखाल कोलंबियाचं नाव घेतात, हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. आपण उन्हातून आलेल्या माणसाला गूळपाणी देतो, तिकडे थंडीतून आलेल्याला देतात, गरम, आणि त्यात चीजचा तुकडा सोडून.

मला त्यांना सांगायचं होतं की आजोळी गुऱ्हाळ होतं, आम्ही मुलं तिथे जायचो, काहिलीजवळ उभं राहून गरम काकवी खायचो. तोंडात शब्द तीनच आले. आबुएला, कान्या, काल्येंते. आजी, ऊस, गरम. बाईंनी विजेच्या बिलाची पाठ पुढे ओढली, पेन्सिलने ऊस पिळणारी चाकं काढली, त्यांना फिरवणारा घोडा काढला, खाली लिहिलं, त्रापिचे. म्हणजे गुऱ्हाळ. ते चित्र अजून माझ्याकडे आहे.

दुसऱ्या दिवशी वर्गात शिक्षिकेला विचारलं, ‘जायचो, खायचो’ कसं म्हणायचं? तिने फळ्यावर लिहिलं, इबामोस, कोमिआमोस. हा भूतकाळ मी पुण्यात पाठ केला होता, परीक्षेत लिहिलाही होता, पण तो ‘जायचो’ आहे हे मला त्या दिवशी कळलं. ‘फुई’ म्हणजे गेले. ‘इबा’ म्हणजे जायचे. इंग्रजीतून शिकताना या दोन भूतकाळांनी मला दोन वर्षं छळलं होतं, आणि मराठीत तो फरक आपण बोलायला लागल्यापासून करत आलो आहोत. त्या संध्याकाळी मी बाईंना गुऱ्हाळाची सगळी गोष्ट सांगितली. चुका करत, पण सगळी.

म्हणून या आठ महिन्यांत एक काम मनापासून कर. आजवर इंग्रजीतून शिकलेली स्पॅनिश पुन्हा मराठीतून समजून घे. ‘मे गुस्ता एल काफे’ म्हणजे शब्दशः ‘मला कॉफी आवडते’. इंग्रजीतून शिकलं की यातला ‘मी’ कुठे गेला म्हणून माणूस अडतो, आपल्याकडे तो आधीपासूनच ‘मला’ आहे. ‘किएरो के वेंगास’मध्ये क्रियापद का बदललं, यावर क्लासमध्ये तासन्‌तास जातात. आपण म्हणतो, ‘तू यावंस अशी माझी इच्छा आहे.’ येतेस, पण इच्छा असली की यावंस. तेच आहे ते. सगळीकडे असं जुळणार नाही, पण जुळतं तिथे तुझी पकड तुझ्या वर्गातल्या इतरांपेक्षा घट्ट होईल. उच्चारांतही तसंच. स्पॅनिशचे त आणि द आपल्या त-द सारखे दातांवरचे आहेत. ‘तोमाते’ म्हण, टोमॅटोचा ट विसर. तुझ्या कोलंबियन ग्राहकांच्या मेलमध्ये ‘पागार’ हे क्रियापद सारखं येत असेल, पैसे देणे या अर्थी. आपला पगार पोर्तुगिजांकडून आलेला त्याचाच सख्खा भाऊ. चावी, साबण, बटाटा यांचीही भावंडं तुला भेटतील.

आता जागा. नकाशात कोलंबिया विषुववृत्तावर दिसतो म्हणून सगळीकडे कोकणासारखी हवा असेल असं धरू नकोस. तिथे ऋतू महिन्यांवर कमी आणि उंचीवर जास्त ठरतो. लोक सरळ म्हणतात, तिएर्रा काल्येंते, तिएर्रा तेंप्लादा, तिएर्रा फ्रिआ: उष्ण भुई, समशीतोष्ण भुई, थंड भुई. आपलं कळसूबाई १,६४६ मीटर. मेदेयीन शहर साधारण १,५०० मीटरवर, म्हणजे जवळपास कळसूबाईच्या माथ्याएवढ्या उंचीवर. बोगोता २,६४० मीटरवर, कळसूबाईच्याही हजार मीटर वर, आणि तिथे बाराही महिने रात्री स्वेटर लागतो. पहिले दोन-तीन दिवस डोकं दुखेल, जिने चढताना धाप लागेल. भरपूर पाणी पी, पळापळ करू नकोस, जातं ते. दिवस वर्षभर साधारण बारा तासांचा, संध्याकाळी सहाच्या सुमाराला अंधार.

कार्ताहेना सुंदर आहे, आणि नेमक्या त्याच कारणाने मी तुला पहिल्यांदा तिथे पाठवणार नाही. पर्यटकांचं गाव, दुकानदार तुझ्याशी इंग्रजीतच बोलायला बघेल. शिवाय किनाऱ्यावरचे लोक शब्दाच्या शेवटचा ‘स’ गिळतात, बोलणं वेगाचं, लयीचं. मराठी शिकायला आलेल्या परक्या माणसाला पहिल्याच आठवड्यात मालवणात सोडलं तर त्याला ती बोली गोड लागेल, पण पुस्तकात वाचलेलं काहीच ऐकू येणार नाही, तसं होईल तुझं. शेवटचे पंधरा दिवस जा, तेव्हा मजा येईल.

माझी पसंती बोगोता किंवा मानिसालेस. बोगोतातले उच्चार स्पष्ट असतात, ऐकताना अक्षर न्‌ अक्षर कानावर पडतं. मानिसालेस हे कॉफीच्या डोंगरातलं विद्यापीठांचं गाव, २,१०० मीटरच्या वर, रस्ते असे उभे की पायांत गोळे येतात. परदेशी माणसं कमी, त्यामुळे तुझ्याशी स्पॅनिशच बोलावं लागतं. मेदेयीनबद्दल सगळे सांगतील, हवा खरंच गोड आहे, मेट्रो आणि डोंगरवस्त्यांवर जाणारे रोपवेचे पाळणे बघण्यासारखे आहेत, पण अलीकडे तिथे परदेशी लोकांची इतकी गर्दी आहे की काही भागांत इंग्रजीवर महिना निघतो.

शाळा निवडताना इमारतीचे फोटो बघू नकोस. मेल करून विचार: वर्गात जास्तीत जास्त किती जण? सोडावं लागलं तर फी परत मिळते का? व्हिसासाठी लागणारं पत्र देता का? ज्या कुटुंबात ठेवणार तिथे आणखी परदेशी विद्यार्थी आहेत का? शेवटच्या प्रश्नाचं उत्तर ‘हो, चार आहेत’ असं आलं तर ते घर नको. हे मेल स्पॅनिशमध्येच लिही. उत्तर इंग्रजीत आलं तर त्यातूनही तुला शाळेविषयी थोडं कळेल.

आत्यांना माझा नमस्कार सांग आणि हेही सांग की स्पॅनिश मातृभाषा असलेल्या दहा माणसांतले नऊ स्पेनच्या बाहेर राहतात. एकट्या कोलंबियात पाच कोटींहून जास्त लोक आहेत. बोगोतात इन्स्तितुतो कारो इ कुएर्वो ही १९४२ मध्ये स्थापन झालेली भाषासंस्था आहे. रुफिनो होसे कुएर्वो या कोलंबियन भाषापंडितांनी एकोणिसाव्या शतकात सुरू केलेला स्पॅनिशचा प्रचंड कोश याच संस्थेने १९९४ मध्ये पुरा केला, आणि १९९९ मध्ये स्पेनने तिला आपला मानाचा प्रिन्स ऑफ अस्तुरियास पुरस्कार दिला. परदेशी लोकांना स्पॅनिश शिकवण्याचं कामही ही संस्था करते. तेव्हा शुद्धतेची काळजी आत्यांनी करू नये. स्पेनची स्पॅनिश, मेक्सिकोची, कोलंबियाची, कुठलीही प्रमाण बोली डेले या स्पॅनिशच्या प्रमाणपत्र परीक्षेला चालते. तुझे ग्राहक कोलंबियन आणि पेरूचे, तर तुझी भाषा त्यांच्या कानाला ओळखीची असणं तुझ्या कामाचं.

तू-तुम्हीचं गणित आपल्याला समजतं, पण तिथे ते उलटसुलट आहे. बोगोतात बहीणभाऊ एकमेकांना ‘उस्तेद’ म्हणताना ऐकशील, म्हणजे आपलं तुम्ही. शेजारच्या बोयाका प्रांतात ‘सुमेर्से’ म्हणतात, त्यात आदर आणि माया दोन्ही. मेदेयीनकडे जवळिकीचं ‘वोस’. पहिले काही दिवस सगळ्यांना उस्तेद म्हण, कुणाचाही अपमान होत नाही. आणि भाजीवाली तुला ‘मि आमोर’, शब्दशः ‘माझं प्रेम’, म्हणाली तर बावरू नकोस, आपल्याकडची ‘ये गं बाय’ आहे ती. ‘तिंतो’ मागितलास तर काळी कॉफी येईल, स्पेनमध्ये त्याच शब्दाला रेड वाइन येते. कॉफी मागताना लोक ‘मे रेगाला उन तिंतो?’ म्हणतात, शब्दशः ‘मला एक कॉफी भेट देता का?’, आणि पैसे देऊन पितात. हे कुठल्या पुस्तकात असतं, सांग.

शाकाहारी म्हणून उपाशी राहणार नाहीस. ‘सिन कार्ने’, मांसाशिवाय, एवढंच म्हणालीस तर ताटात कोंबडी येईल, कारण कार्ने म्हणजे त्यांच्या लेखी मुख्यतः लाल मांस. ‘नि पोयो, नि पेस्कादो’, कोंबडीही नको, मासाही नको, हे जोडायचं, आणि सूप मांसाच्या पाण्यात शिजवलंय का ते विचारायचं. राजम्यासारख्या फ्रिहोलेसमध्ये अनेकदा डुकराचं मांस असतं. पण लेंतेखास मागवून बघ. सांगलीकडच्या मुलीला अख्खा मसूर काय असतो ते मी सांगायला नको. भात, मक्याच्या जाड भाकरीसारखी अरेपा, चीज, अंडं खात असशील तर अंडं, आणि फळं इतकी की नावं शिकण्यात आठवडा जाईल. पेरूला गुआयाबा म्हणतात, किनाऱ्यावर चिकूला निस्पेरो. बाजारात युका नावाचं कंद दिसेल, सालीला माती लागलेलं. आपला साबुदाणा त्याच्याच पिठाचा. उपासाच्या खिचडीतला साबुदाणा, शेंगदाणा, बटाटा आणि मिरची, चारही मुळात अमेरिका खंडातून आपल्याकडे आलेले. युकाच्या पिठाची आणि चीजची ‘पांदेबोनो’ नावाचा गरम गोल पाव खाऊन बघ, सकाळी बेकरीतून बाहेर काढतात तेव्हा.

आता आईची भीती. ती खोटी नाही, म्हणून तिला ‘तू उगाच घाबरतेस’ म्हणू नकोस. कोलंबियाने कठीण दिवस पाहिले आहेत आणि आजही तिथले काही भाग परक्या माणसाने टाळावेत असेच आहेत. शहरात मोबाइल हिसकावणं नेहमीचं. तिथल्या लोकांची एक म्हण आहे, ‘नो दार पापाया’, पपई देऊ नकोस, म्हणजे समोरच्याला आयती संधी देऊ नकोस. फोन रस्त्यावर हातात धरायचा नाही. रात्री टॅक्सी हात करून थांबवायची नाही, अ‍ॅपवरून किंवा घरच्यांकडून बोलवायची. अनोळखी माणसाने दिलेलं पेय घ्यायचं नाही, गुंगीचं औषध घालून लुटण्याचे प्रकार तिथे होतात. घरमालकीण जिथे जाऊ नको म्हणेल तिथे का म्हणून विचारायचं नाही. मी हे नियम पाळले आणि एकटी बसने डोंगर-डोंगर फिरले. आईला हेच नियम कागदावर लिहून दे. आपल्या मुलीला धोका कुठे आहे ते माहीत आहे, हे दिसलं की आईचा जीव थोडा खाली बसतो.

कागदपत्रांत एक गोष्ट विसरलीस तर परतताना अडकशील: पीतज्वराची (यलो फीव्हरची) लस. कोलंबिया हा त्या रोगाच्या यादीतला देश आहे, आणि भारत याबाबत फार कडक आहे. जायच्या निदान दहा दिवस आधी सरकारमान्य केंद्रातच लस घ्यायची, पिवळं कार्ड पासपोर्टला जोडून ठेवायचं. कार्ड नसेल तर मुंबईत उतरल्यावर सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवू शकतात. एकदा घेतलेली लस आता जन्मभर चालते. व्हिसाचा अर्ज कोलंबियाच्या परराष्ट्र मंत्रालयाच्या संकेतस्थळावर ऑनलाइन होतो, दूतावास दिल्लीत आहे. नियम बदलत राहतात, म्हणून एजंटच्या शब्दावर न जाता तिथलंच वाच. तुला वाचता येतं. तीन महिन्यांपेक्षा जास्त मुदतीचा व्हिसा मिळाला तर पोचल्यावर पंधरा दिवसांत तिथल्या परदेशी नागरिक कार्यालयात नोंदणी करावी लागते. आणि तिकीट अमेरिकेमार्गे काढू नकोस, तिथे नुसतं विमान बदलायलाही व्हिसा लागतो.

राजीनाम्याऐवजी बिनपगारी रजेचा अर्ज कर. साहेबांना सांग की तीन महिन्यांनी मी ग्राहकांशी फोनवर स्पॅनिशमध्ये बोलू शकेन. कंपनीचा माल तिकडे जातो, त्यांना याची किंमत कळायला हवी. नाही म्हणाले तर मग पुढचं बघू. परतल्यावर दोन-तीन महिन्यांत, कान ताजे असताना, डेले बी-टू दे. त्या प्रमाणपत्राची मुदत संपत नाही. सिएले ही दुसरी परीक्षा संगणकावर होते, निकाल लवकर लागतो, पण ते प्रमाणपत्र पाच वर्षांचंच.

राहिली स्थळं. तुझ्या पत्रातलं ‘पळवाट’ हे वाक्य मी दोनदा वाचलं. आत्ता लग्न करायचं नसेल तर ‘आत्ता नको’ हे घरात तुझ्या तोंडून निघालं पाहिजे. कोलंबियाला ते काम सांगू नकोस. नाहीतर परतीच्या विमानात तुला भाषा आठवण्याऐवजी दिवाळीनंतरचे पाहुणे आठवत बसतील, आणि बाबांना वाटेल की मुलगी शिकायला गेली नव्हती, आमच्यापासून लांब गेली होती. दोन गोष्टी वेगळ्या आहेत, वेगळ्या दिवशी बोल.

आणि व्हिसा हातात आल्यावर बाबांना सांगायचं, हे मला अजिबात पटलं नाही. ज्या माणसाने आयुष्यभर रात्रीच्या गाड्या चालवून तुला शिकवलं, त्याला ही बातमी शेवटी कळणं बरं नाही. कदाचित ते चिडतील, दोन दिवस बोलणार नाहीत. तरी सांग. सांगताना वहीत खर्चाचा हिशेब घेऊन बस: तिकीट, फी, राहणं, विमा, अडीअडचणीचे. शाळेचा पत्ता, घराचा पत्ता, रजेचा अर्ज. आणि हेही सांग की तिथल्या रस्त्यांवर पुण्याच्या बजाजची पल्सर आणि बॉक्सर सर्रास धावते. ज्या देशात आपल्याकडच्या गाड्या रोज चालतात तो देश ड्रायव्हर माणसाला तेवढा परका वाटणार नाही. त्यांनी विचारलं की तिकडे घाट कसे आहेत, तर खरं सांग: कोयनेच्या घाटापेक्षा लांब, उंच, आणि पावसात दरडी कोसळणारे.

एक गोष्ट निघण्याआधी आईबरोबर ठरवून टाक. बोगोतात संध्याकाळचे सात वाजतात तेव्हा तुमच्याकडे पहाटेचे साडेपाच असतात. आई अंगणवाडीला निघण्याआधी चहा टाकते ती वेळ. रोज तेव्हाच दहा मिनिटं फोन, त्याहून जास्त नाही, आणि मधे मेसेजवर मेसेज नाहीत. तिचा चहा उकळेपर्यंत तू आज काय खाल्लंस, कुठला शब्द शिकलीस ते सांगून होईल. मग फोन ठेवायचा आणि स्वयंपाकघरात जाऊन घरमालकिणीला विचारायचं, आज काय करताय, मी काही चिरून देऊ का.